हिंगाच्या डबीतलं बी

प्रिय निशा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच परत देशील, असा मला संशय आहे. म्हणून तुझ्या दाजींना बजावून पाठवलंय की, निशाचं वाचून होईपर्यंत उंबऱ्यावरून हलायचं नाही. त्यांना पाणी दे, ऊन लई आहे. चहा मात्र सगळं वाचून झाल्यावर, आणि तोही तुझं मन झालं तरच. ते का आलेत ते पुढं कळेल. मी फोनच केला असता, पण संक्रांतीपासून माझा फोन तू उचलत नाहीस. आमच्या खालच्या खोल्यांत भाड्यानं राहते ना ताहेरा, ब्लाउज शिवणारी, तिच्या फोनवरून लावला तर पहिल्या घंटेला उचललास आणि माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. म्हणजे फोन बिघडलेला नव्हता, एवढं तरी कळलं.

इथं टमाट्यांचा हंगाम संपला. गच्चीवर रंगाच्या नऊ रिकाम्या बादल्यांत नऊ झाडं होती. पाडव्याच्या आधीपासूनच पानं बुडातून पिवळी पडायला लागली, फुलं आली तशी गळून जायची, आणि फळांच्या पाठीवर उन्हाचे पांढरे चट्टे उठायचे. मी शेंडे खुडून टाकले, म्हणजे झाडाचा जीव आहे त्या फळांत तरी जाईल. उरलेली हिरवी तोडून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ज्वारीच्या कोठीत ठेवली. रोज एकेक पुडी उघडून बघायची. त्यातली चार कमी वाटली म्हणून मी दोन दिवस ताहेरावर डोळा ठेवला, कारण हिरव्या टमाट्याची चटणी तिला फार आवडते. मग आठवलं की चार मीच तिला दिली होती. तू हसत असशील तर हास. माझा स्वभाव तुला काय सांगायचा, लहानपणी तू झोपेत हसलीस तरी मी तुझी उशी उचलून बघायची.

पण ती नऊ झाडं आईची नव्हती, आणि खरं भांडण तिथंच आहे. आईचा टमाटा कसा, चपटा, खोल खाचांचा, पातळ सालीचा, देठाशी शेवटपर्यंत हिरवा राहणारा. आमटीत एक टाकला तर चिंच लागायची नाही. दुसऱ्या घोसातलं पहिलं फळ ती लाल दोरा बांधून बियाला राखायची, आणि ते कापायच्या दिवशी आपल्या दोघींनाही बोलवायची. एकीनं कापायचं, दुसरीनं ताटली धरायची. एकटीनं बी काढायचं नाही, हा तिचा नेम. मी एकदा का म्हणून विचारलं तर म्हणाली, "दोघींनी काढलं की ते एकीचं होत नाय." मग बी राखेत चोळून सावलीला वाळवायची, हिंगाच्या स्टीलच्या डबीत भरायची, आणि राहिलेला गर मीठ लावून आपल्याला द्यायची. त्या गरासाठी आपण मारामाऱ्या केल्या आहेत.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या वर्षश्राद्धाला वैजापूरला आले, तेव्हा निघताना तू ती डबीच माझ्या पिशवीत टाकलीस. मला तेव्हाच खटकलं होतं. पुडीत बांधून थोडं द्यायचं सोडून डबी कशाला? वाटलं, आईची आठवण म्हणून डबी पुढं करते आहे आणि खरं बी मागं ठेवते आहे. बसमध्ये मी डबी दोनदा उघडून वास घेतला. हिंगाचा वास तर होता.

गौरी उठल्यावर मी डबीतलं सगळं बी ट्रेमध्ये टाकलं. चांगलं उगवलं, बोटभर रोपं झाली. तेवढ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तीन आठवडे वाकायचं नाही, जिना चढायचा नाही, काळा चष्मा काढायचा नाही. रोपांचं सगळं तुझ्या दाजींकडं आलं. ते रोज वर जायचे आणि खाली येऊन सांगायचे, मस्त आहेत, आज बादल्यांत लावली, आज काठ्या रोवल्या. मी चष्मा काढून वर गेले तेव्हा नऊ बादल्यांत नऊ झाडं उभी होती, आणि मी त्यांना जेवायला गोड केलं.

डिसेंबरच्या शेवटी पहिली फळं पिकली. गोल, गुळगुळीत, जाड सालीची, एकासारखी एक. बाजारात पाटीभर मिळतात तसली. मी एक कापलं, जिभेवर ठेवलं, आणि माझं डोकंच फिरलं. दुसरं काही सुचलंच नाही, सरळ तुझंच नाव मनात आलं. संक्रांतीला तू तिळगूळ घ्या म्हणायला फोन केलास आणि मी काय काय बोलले ते तुला पाठ असेल. अकरा वर्षं आईजवळ राहिलीस म्हणून सगळं तुझंच झालं का, बांगड्या गेल्या, भांडी गेली, आता मूठभर बीसुद्धा मला देववलं नाही, बाजारचं भरून दिलंस. तू मध्ये एकदाच बोललीस. "अक्का, डबीत होतं तेवढं सगळं तुला दिलं." आणि फोन ठेवलास. मला तेव्हा ती सबब वाटली. फेब्रुवारीत तुझ्या राजनंदिनीच्या साखरपुड्याचं आमंत्रण आलं ते नुसतं मोबाइलवर, तेही तुझ्या यजमानांच्या नंबरवरून. तू स्वतः बोलावलं नाहीस म्हणून मी आले नाही. पोरीला मी पहिली अंघोळ घातली होती, निशा, आणि तिच्या बोटात अंगठी गेली तेव्हा मी इथं टीव्ही लावून बसले होते.

या सगळ्यात तुझ्या दाजींचं वागणं मला पटत नव्हतं. संक्रांतीचा फोन चालू असताना ते उठून बाहेर गेले. तुझं नाव काढलं की पेपर उघडायचे. शिवाय रोज संध्याकाळी तांब्या घेऊन गच्चीवर जायचे आणि टाकीच्या मागं बराच वेळ असायचे. नऊ बादल्यांना पाणी मी सकाळीच घालत होते, मग हा तांब्या कुणाला? मला वाटलं, डॉक्टरनं बंद केलेली तंबाखू पुन्हा सुरू झाली. ताहेराला विचारलं, तुझ्या खिडकीतून जिना दिसतो, काय चाललंय? तर ती सुई तोंडात धरून म्हणाली, "भाभी, मेरेकू मत पूछो, भाईसाब कसम दिए." मग काय, माझी खात्रीच झाली. सगळं घर मिळून माझ्यापासून काहीतरी लपवत होतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाळलेली झाडं उपटायला वर गेले आणि आधी टाकीच्या मागं शिरले. तिथं तंबाखूची पुडी नव्हती. फुटक्या कुंडीत टमाट्याचं एक झाड होतं. टाकीची सावली, वॉल्वमधून गळणारं थेंब थेंब पाणी, आणि पायजम्याच्या जुन्या नाडीनं पाइपाला बांधलेलं खोड. त्याला एकच हिरवं फळ होतं. चपटं, आणि खोल खाचांचं. आईचा तो टमाटा मी अंधारातही हातानं ओळखला असता.

दाजींना वर बोलावलं तर मी काही विचारायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं. ऑक्टोबरात भर दुपारी त्यांनी रोपांना पाइपनं पाणी घातलं. दिवसभर उन्हात पडलेला पाइप, त्यातलं पहिलं पाणी हात भाजेल एवढं तापलेलं असतं, ते आधी सोडून द्यावं लागतं. पण आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो, पाणी सोडून द्यायला कुणाचा हात धजावत नाही. त्यांनी ते सगळं आईच्या रोपांवर ओतलं. संध्याकाळपर्यंत ट्रे शिजलेल्या भाजीसारखा झाला. माझ्या डोळ्याला ताण नको, आणि खरं म्हणजे माझ्या तोंडाची भीती, म्हणून ते दुसऱ्या दिवशी नर्सरीतून नऊ रोपं घेऊन आले. ताहेरानं जिन्यात पाहिलं, तिला शपथ घातली. ट्रेमधली माती टाकीमागच्या कुंडीत ओतली, त्यात राहिलेलं एखादं बी महिन्याभरानं उगवलं. पाच महिने ते झाड त्यांनी लपवून वाढवलं, फळ आलं की माझ्यापुढं ठेवून कबूल करायचं म्हणून. तीन फळं धरली होती, दोन बुलबुलांनी फोडली. संक्रांतीला तोंड उघडलं असतं तर एवढं झालं नसतं, असं मी म्हणाले. ते म्हणाले, तू उघडू दिलं असतंस का?

म्हणजे फसवणूक झाली होती हे माझं खरंच होतं, मी दार तेवढं चुकीचं ठोठावलं. त्या रात्री डबी पुन्हा काढली. तुझ्या मागच्या अंगणात घरमालकानं फरशी घातली, तिथं आता तुळसही कुंडीत आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मला कळलं नाही. तुझ्याकडं माती उरली नाही म्हणून तू पुडी बांधत बसली नाहीस, माझ्याकडं गच्ची आहे म्हणून डबीच दिलीस. मागं काही ठेवलं असतंस तर डबी ठेवली असतीस. आईच्या वेळीही तसंच. अकरा वर्षं तू तिला उचललंस, बसवलंस, आणि तिच्या बांगड्या तिच्याच औषधाला गेल्या हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी ते बोलले. मला लाज वाटते, निशा.

चूक ज्यांची त्या दाजींनाच तुला आणायला पाठवलंय, डबी त्यांच्या पिशवीत आहे. उघडून बघ, मी तीनदा झटकली, एकही बी नाही. जे काही आहे ते आता त्या एका फळात. त्याला ताहेरानं मलमलची पिशवी शिवून दिली आहे आणि मी दिवसातून दहादा वर जाऊन बघते, कारण बुलबुलांवर माझा विश्वास नाही. परवापासून ते लाल व्हायला लागलंय. या उन्हात झाडावर फार तर आठ दिवस टिकेल. मी ते तोडलेलं नाही, आणि एकटी तोडणार नाही. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, कापायचं तू काप, मी नुसती ताटली धरते. गर सगळा तुला. फक्त इथं गॅस आहे, राख कुठून आणू? येताना तुझ्या अंघोळीच्या बंबातली मूठभर घेऊन ये.

तुझीच,
अक्का