बुक्क्याच्या डबीपायी बारा अर्धे तास

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
कामगार वसाहत, वादी कबीर, मस्कत.

विषय : वसाहत-सहाय्यकांना झडती घेण्याचा व माणूस कोंडण्याचा अधिकार किती, ते लेखी कळवणेबाबत.
संदर्भ : मेसच्या दारावरील सूचनापत्रक, कलम ४.

महोदय,

आपण मराठी जाणता, म्हणून खुर्ची अंमळ पुढे ओढावी. अर्जदार एक आख्यान सांगतो. अर्जदार आपल्याकडे सुतार असून दर शुक्रवारी मेसमध्ये आपल्याच परवानगीने कीर्तन करतो.

१. दि. १३ मार्च रोजी दाभोळचे गवंडी यूनुसभाई आजारपणामुळे कायमचे गावी निघाले होते. चार वर्षे ते दाराशी बसून कीर्तन ऐकत. जाण्यापूर्वी सुदाम्याचे आख्यान ऐकवा, एवढीच त्यांची मागणी होती. गाडी चारला सुटणार होती.

२. सकाळी साडेदहाला फाटकावर सहाय्यक गजेंद्र याने अर्जदाराची पिशवी उपसली व बुक्क्याची डबी हुंगून, तीत पाणी ओतून, "काळी संशयास्पद पूड" म्हणून जप्त केली. हाच गजेंद्र तीन वर्षे अर्जदारामागे झांज वाजवी व कपाळी तोच बुक्का लावी. तो म्हणाला, "बाळूदा, मला ठाऊक आहे रे. पण दंडाला सहाय्यकाचा हिरवा पट्टा बांधल्यावर ठाऊक असून चालत नाही."

३. कलम ४ प्रमाणे संशयितास सुपरवायझर येईपर्यंत, फार तर अर्धा तास, थांबवता येते. झडतीचा त्यात उल्लेखच नाही. सुपरवायझर शुक्रवारच्या सुट्टीनिमित्त बरका गावी गेले होते. सबब गजेंद्रने अर्जदारास स्टोअरमध्ये कोंडले, दर अर्ध्या तासाला बाहेर काढले, वहीत "सोडले" असे लिहिले व पुन्हा आत घातले. अशा बारा नोंदी आहेत, शेवटची साडेचारची. धरण्याचा अधिकार त्याला होता, सोडण्याचा म्हणे नव्हता.

४. सुदाम्यालाही द्वारकेच्या द्वारपालांनी अडवले होते. परंतु पोहे हुंगून, त्यांत पाणी ओतून त्याला कोठारात घातल्याचे कुठल्या पोथीत नाही.

५. यूनुसभाई चारपर्यंत मेसच्या दाराशी वाट पाहून गेले. गुरुवारी दाभोळहून फोन आला, ते वारले. आता कुणाला सोडणार आणि कुणाला धरणार?

तरी झडती व कोंडणे तात्काळ थांबवावे, आणि त्या बारा नोंदी खोडू नयेत. गजेंद्रला शिक्षा नको. पट्टा काढून त्याच्या हाती झांज द्यावी.

हा अर्ज फाइलला लागेल, ते अर्जदार जाणतो. मेसच्या दारातून येता-जाता मात्र तेथे बसणाऱ्या यूनुसभाईंची याद ठेवावी, ही विनंती.

आपला नम्र,
बाळकृष्ण महादेव घवाळी
दि. २२ मार्च १९९८

सोबत : १. सूचनापत्रकाची नक्कल. २. बुक्क्याची डबी (भिजून परत मिळालेली).