रविवारचा अकराचा खेळ

गुरुजी, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान उभं आहे आणि ज्या चिंचेला तुम्ही सायकल टेकवायचात ती चिंचही कधीच कुणाच्या चुलीत गेली. तरी आज सकाळपासून मी वालूरच्या ह्या ओसरीवर बसून तुमच्याशीच भांडतो आहे. कारण ऐकलंत तर वरून थुंकाल. संभाजीनगरला आशियातल्या सिनेमांचा महोत्सव भरतोय, आणि मी, तुमचा 'डावऱ्या', पाच दिवस नुसते सिनेमे बघायला निघालोय. नातीनं माझ्या नावाचा पास काढलाय. लेकीच्या घरी उतरायचं, सकाळी डबा घेऊन निघायचं आणि दिवसभर अंधारात बसायचं. जपान, इराण, कोरिया, मंगोलिया. ज्या देशांच्या राजधान्या तुम्ही छडीच्या तालावर आमच्याकडून पाठ करून घेतल्या, त्या सगळ्या देशांचे सिनेमे. पण एकाच वेळी चार पडद्यांवर चार खेळ लागतात. एक बघायचा तर तीन सोडायचे. पुस्तिका इंग्रजीत आहे, म्हणून नात फोनवर एकेकाची गोष्ट मराठीत सांगते आणि मी निवडतो. कशावरून निवडतो, तेवढं तुम्हाला कळवावं म्हणून हे लिहायला घेतलं. ज्या सिनेमाचा तुम्हाला सगळ्यात जास्त संताप आला असता, तो मी घेतो.

"आबा, ह्यो बघा, जपानचा हाय," नात म्हणाली. "एक म्हातारी खानावळ चालवती. पहिला अर्धा तास कुणी बोलतच न्हाई. लय संथ असंल. सोडू?" मी म्हणालो, घे. पोरगं क्षणभर गप्प राहिलं तरी तुम्ही ओरडायचात, तोंडात मूग भरलेत का रे. आता बसा अर्धा तास त्या म्हातारीसमोर. मग इराणचा आला. त्यात एक पोरगी बांगड्या मोडून ट्रक चालवायला शिकते. मी म्हणालो, डोळे झाकून घे. आमच्या वर्गात पहिली आलेली मुलगी तुम्हाला आठवते का? तिच्या बापाला तुम्ही चावडीसमोर म्हणालात, "बस झालं आता शिक्षण, पोळ्या लाटू द्या तिला." बापानं ऐकलं तुमचं. कोरियाच्या सिनेमात नापास झालेली तीन पोरं समुद्राकडं पळून जातात. "आबा, शिव्या असतील त्यात," नात जरा चाचरत म्हणाली. "असू दे. दोनदा लागला तर दोनदा घे." शेवटी ती थांबलीच. "तुमी हे ठरवायलाव कशावरून?" मी म्हणालो, "एका माणसाला राग यावा म्हणून." "कोण माणूस?" "मेलाय त्यो." "अहो आबा, मेलेल्या माणसाला राग कसा यील?" "तू बघितलं न्हाईस त्याला," मी म्हणालो. "त्याला यील."

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून हिसकावून घेता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. कवितेचा तास. पुस्तक मिटून ठेवायचात, डोळे मिटायचात, गळ्याची शीर फुगायची आणि चाल सुरू व्हायची. खिडकीबाहेर शेळ्या राखणारा माणूस काठी टेकून उभा राहायचा. आजही न्हाणीत पाणी तापेस्तोवर मी गुणगुणतो तेव्हा आधी चाल येते आणि गाईमागं वासरू यावं तसे शब्द मागून येतात. चाल तुमची. आवाजसुद्धा म्हातारपणी तुमच्यासारखा घोगरा झालाय, काय करणार. तुम्ही सांगायचात, "कविता ऐकली की डोळे मिटा. चित्र ज्याचं त्यानं काढायचं. सिनेमा म्हणजे उष्टं. दुसऱ्यानं चावून तुमच्या ताटात टाकलेलं." माझा विश्वास होता त्यावर. मग जत्रेत तंबू आला.

तंबूतला सिनेमा समोरून बघायला पूर्ण तिकीट, आणि पडद्याच्या मागं बसून बघायला निम्मं. पडदा म्हणजे काय, पांढरं कापड. चित्र दोन्हीकडून दिसायचं, फक्त मागच्या बाजूनं उलटं. आम्हा पोरांना हे उलटं आहे एवढंसुद्धा कोण सांगणार? नट डाव्या हातानं सलाम करायचा, डाव्या हातानं तलवार उपसायचा, नवरी डाव्या हातानं हार घालायची. आमची खात्रीच झाली होती की मोठी माणसं सगळं महत्त्वाचं काम डाव्या हातानं करतात. त्या वर्षी एका नावाड्याचा सिनेमा होता. पुरात त्याचा धाकटा भाऊ वाहून जातो आणि हा वर्षानुवर्षं नाव घेऊन त्याला शोधत फिरतो. नावेत उभा राहून तो एक हात आभाळाकडं उचलतो आणि हाक मारतो. ती हाक कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखीच ऐकू यायची. माझ्या अंगावर काटा आला होता. आत्ता लिहितानाही आला, बघा.

आणि त्याच हिवाळ्यात तुम्ही सेलूच्या कवितापाठाच्या स्पर्धेसाठी माझं नाव काढलंत. कविता नदीची होती, तिच्यातही पैलतीराला हाक मारणारा नावाडी होता. मी आईला म्हणून दाखवली, बैलांना म्हणून दाखवली. प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर सराव होता. मी त्या ओळीवर आलो आणि माझा हात उठला. डावा. "उजवा!" तुम्ही म्हणालात. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा डावा उठला. आजवर एकही अक्षर मी डाव्या हातानं लिहिलेलं नाही, पण त्या ओळीला तोच उठायचा. "कुठं शिकलास हे?" तुम्ही विचारलंत. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, त्यो पडद्याच्या मागं बसून सिनेमा बघतो! निम्म्या तिकटात!" अख्खी शाळा हसली. हसणं मला लागलं नाही, गुरुजी. आमच्याकडं पैसे नव्हते हे सगळ्यांना ठाऊकच होतं. लागलं ते पुढचं. तुम्ही सायकलच्या कॅरियरची दोरी सोडून आणलीत आणि माझं डावं मनगट कमरेच्या करगोट्याशी आवळून बांधलंत. "हां, म्हण आता."

मी म्हणायला लागलो. आवाज चांगला लागला होता. ती ओळ आली, दोरीत हात हिसकला, आणि पुढचा शब्दच गेला. घरात असलेला माणूस अचानक घरात नसावा तसा गेला. "येत न्हाई?" तुम्ही खुर्चीवर बसत म्हणालात. "मग सिनेमा सांग. त्यो तर येतो ना?" हात बांधलेला तसाच, मी सिनेमा सांगितला. पूर सांगितला, नाव सांगितली, हाक सांगितली. शाळा हसायची थांबली. तुम्ही खुर्चीच्या काठावर सरकला होता, ते मी पाहिलं. दूरवरच्या एका काठावर कुणीतरी उभं आहे, नावाडी तिकडं वल्हं मारतोय, इथपर्यंत आलो आणि घंटा झाली. तुम्ही दचकून उठलात, "पुरे," म्हणालात, दोरी सोडून पुन्हा सायकलला लावलीत. सेलूला दुसरा मुलगा गेला. तो काय म्हणाला, कसा म्हणाला, मी विचारलं नाही. त्या दिवसापासून चार माणसांत मी कधी कविता म्हटली नाही. लेकीच्या लग्नात म्हटली नाही, तहसिलीतून निवृत्त झालो तेव्हा साहेबानं आग्रह केला तर खोकल्याचं सोंग केलं. आणि नाव राहिलं ते डावऱ्या. परवा न्हाव्याच्या दुकानात माझ्यानंतर जन्मलेला एक म्हातारा म्हणाला, "या डावरेसाहेब, बसा." त्याला वाटतं ते माझं आडनावच आहे.

पुढं तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमच्या हयातीच्या दाखल्यासाठी तहसिलीतून मलाच पाठवलं. गंमत बघा, तुम्ही जिवंत आहात हे लिहून द्यायचं माझ्या हातात. क्षणभर मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. तुमचे डोळे गेले होते. तुम्ही चाचपडत माझं मनगट धरलंत, नेमकं डावं, आणि म्हणालात, "कोण, डावऱ्या का?" मी हो म्हणालो. मला वाटलं, आता म्हणेल हा माणूस काहीतरी. दोरीबद्दल एक शब्द. निम्मा शब्दसुद्धा मी घेतला असता, निम्म्या तिकिटाची सवय होती मला. तुम्ही म्हणालात, "त्या नावाड्याला त्याचा भाऊ भेटला का रे? त्या दिवशी घंटा झाली होती."

एवढंच. सिनेमाला उष्टं म्हणणारा माणूस इतकी वर्षं त्या काठापाशी अडकून बसला होता. मी दाखला घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणालो, "आठवत न्हाई, गुरुजी." तुम्ही मनगट सोडलंत आणि भिंतीकडं तोंड केलंत. घरी येऊन मी एक भाकरी जास्त खाल्ली. पुढच्या दाखल्याची वेळ आली नाही. गाव हळहळलं, शाळेला सुट्टी दिली. मी शेतात जाऊन हरभऱ्याला पाणी दिलं.

आता मुद्द्याचं. रविवारी अकराच्या चार खेळांतले दोन मी लगेच सोडले, दोन उरले, आणि तिथंच मी सकाळपासून अडलो होतो. एक मंगोलियाचा. म्हातारा मास्तर, कधीकाळी वर्गातून हाकलून दिलेल्या मुलाला शोधत घोड्यावरून निघतो. दुसरा कझाकस्तानचा. एक माणूस ट्रकमध्ये मशीन घालून गवताळ रानातनं गावोगाव सिनेमा दाखवत फिरतो, दोन खांबांना चादर बांधतो, आणि लोक तिच्या दोन्ही बाजूंना बसतात. नात म्हणाली, "आबा, मास्तरचाच घ्या. तुमाला शाळेचं लय वेड." आधी वाटलं घ्यावा, बसावं पुढच्या रांगेत आणि त्या मास्तरला बघून घ्यावं. मग डोक्यात आलं, त्यानं शेवटी त्या पोराची माफी मागितली तर? कुणाचा तरी मास्तर कुणाच्या तरी पोराची माफी मागणार आणि रुमाल मी काढायचा? नाही जमणार. शिकवू दे त्याला रिकाम्या खुर्च्यांना. मी ट्रकवाला घेतला.

"पक्कं?" नातीनं विचारलं. "संध्याकाळी बुकिंग बंद हुतंय, मग बदलायचं न्हाई." "पक्कं," मी म्हणालो. "पण तू त्यो मास्तरचा बघ." "मी? मी तर आता तुमच्यासंगं ट्रकवालाच बघणार होते." "त्यो मी बघतो. तू तिकडं बस, आणि बाहेर आल्यावर मला शेवट तेवढा सांग. त्यो पोरगा त्याला दारात उभा करतो का न्हाई, तेवढंच. मधलं काही सांगू नगं." "मग तुमीच बघा की, आबा!" "न्हाई. त्या माणसासमोर मी बसणार न्हाई." ती हसली. "तुमचं काही कळतच न्हाई मला," म्हणाली आणि फोन ठेवला.

हे पत्र टाकणार तरी कुठं? तुमच्या दारात मोबाइलवाला बसलाय, तो घेईल आणि विचारील, आजोबा, रिचार्ज मारायचं का? राहू दे माझ्यापाशीच. पण इतकं लिहिलंय तर एक सांगून टाकतो. पडद्यामागच्या लोकांना तंबूवाले शेवटच्या रिळाच्या आधीच हाकलून लावायचे, कारण पुढच्या खेळाची माणसं त्याच जागेत आणून उभी करायची असायची. त्या दिवशी शाळेची घंटा झाली नसती तरी मी त्या काठापाशीच थांबलो असतो. तुमच्या खाटेशी उभा राहून जे दाबून ठेवलं म्हणून मी इतकी वर्षं मनात टाळ्या पिटल्या, ते माझ्याकडं नव्हतंच. भाऊ भेटला की नाही, मला ठाऊक नाही, गुरुजी. डोळे मिटून मी त्याला कितीदा तरी काठाला लावलाय, आणि तुमची आठवण आली की परत बुडवलाय.