नमुने थांबले

मंगळवार, ४ मार्च
रक्ताचा कर्करोग, वय एकतीस. आठ दिवस ताप हटत नाही. फुप्फुसाचा तांदळाएवढा तुकडा काढून खाली माझ्याकडे पाठवलाय. असा तुकडा वाटून बारीक करायचा नाही — बुरशी असली तर तंतू तुटून मरतात, मग काही उगवत नाही. ब्लेडने चिरला. मायक्रोस्कोपखाली धरला. रुंद, फितीसारखे तंतू, काटकोनात फुटलेले. म्यूकर, काळी बुरशी! आणि वर वॉर्डात त्याला दुसऱ्याच बुरशीचं औषध चालू. हिच्यावर त्याचा काडीइतका उपयोग नाही.

छातीच्या डॉक्टरांना फोन. "बाई, आधी उगवू तर दे, मग बघू."

उगवेपर्यंत तो जगायला नको?

सरळ जिने चढून वर गेले. फोटो त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी तिथल्या तिथे औषध बदललं. बावीस वर्षांत मी कुणाशी असं भांडले नव्हते!

परतताना त्याच्या खोलीबाहेर बायको बसलेली, मांडीवर त्याचा चष्मा. "तुम्ही डॉक्टर का?" — "नाही हो, खाली प्रयोगशाळेत असते." निघून आले.

गुरुवार, ६ मार्च
तुकडा उगवायला ठेवला होता त्या डबीत पांढरा कापूस, पार झाकणाला टेकलेला. म्यूकरच. माझंच खरं ठरलं म्हणून आनंद झाला. मग लाज वाटली.

सोमवार, १० मार्च
ऑपरेशन झालं. फुप्फुसाचा सडलेला भाग काढला. कडा तपासायला माझ्याकडे आल्या — स्वच्छ, बुरशीचा मागमूस नाही! डबा खाताना हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. समोर फ्रीज होता.

गुरुवार, १३ मार्च
औषधाने मूत्रपिंडं कुरकुरताहेत म्हणे. पण ताप उतरलाय.

मंगळवार, १८ मार्च
त्याचे नमुने थांबले. चार दिवस एकही नाही. घरी गेला असणार! विचारायला फोन उचलला, ठेवून दिला. माझा कोण तो? तरी येताना फुलं घेतली, स्वतःसाठी. घरात फुलदाणी नाही. पाण्याच्या ग्लासात ठेवली.

शुक्रवार, २१ मार्च
प्रयोगशाळेच्या दारात त्याची बायको.

"शनिवारी गेला तो. वर डॉक्टर म्हणाले, रोग तुम्ही ओळखलात. मला बघायचंय ते."

स्टूल ओढून दिलं, त्याच्या तुकड्याची काच लावली. मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बसली.

"एवढंसं?" म्हणाली.