आईचा देव आणि तुमचं 'नाही'

बाबा,

तुमच्या मते मेलेला माणूस कुठेच नसतो, त्यामुळे हे पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. तरी लिहिते आहे.

नागपूरच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे आईने लपवलेली पितळी अन्नपूर्णा तुम्हाला सापडली, तो दिवस आठवतो. तुम्ही ओरडला नाहीत. वर्गात बोलायचात तसं शांतपणे म्हणालात, "या घरात विचार करणारी माणसं राहतात," आणि मूर्ती मोडीत दिलीत. आई पोळ्या लाटत राहिली. मला तेव्हा तुमचा अभिमानच वाटला. कुणी सांगितलं म्हणून मानू नकोस, असं तुम्हीच शिकवलं होतंत. तुम्ही सांगितलेलं मात्र आम्ही दोघी निमूट मानत होतो, हे कळायला फार वर्षं गेली. घरात देव नव्हता, कारण ती जागा रिकामी नव्हती.

दोन हजार चारमध्ये तुम्ही दोघं माझ्याकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आलात आणि त्याच हिवाळ्यात आईचा कॅन्सर उघड झाला, तोही शेवटच्या टप्प्यातला. हॉस्पिटलमध्ये पेशंटजवळ बसून प्रार्थना करणारी एक पांढऱ्या केसांची बाई आली. तिने आईचा धर्म विचारला. "नन," म्हणजे कुठलाच नाही, असं तुम्हीच उत्तर दिलंत. आईला इंग्रजी येत नव्हतं. ती म्हणाली, "काय विचारत होती हो?" तुम्ही म्हणालात, "काही नाही, जेवणाचं."

तुम्ही कॉफी आणायला गेलात तेव्हा मी आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, "बोलाव तिला. आणि विचार, तिच्या देवाला मराठी कळतं का?"

मी विचारलं. ती बाई हसली. "माझ्या इंग्रजीपेक्षा त्याला मराठीच जास्त कळत असेल," म्हणाली. मी ते आईला सांगितलं, तीही हसली. मग तिचा हात धरून आई अन्नपूर्णेचं स्तोत्र म्हणू लागली. मी ते तिच्या तोंडून आधी कधी ऐकलंच नव्हतं. तिला ते सगळं पाठ होतं.

तुम्ही दारात उभे. "हे काय चाललंय?"

"अहो," आई म्हणाली, "जन्मभर तुमचं ऐकलं. आता जरा बाहेर थांबा."

तुम्ही थांबलात. त्या आठवड्यात ती गेली. अंत्यविधीला मंत्र म्हणायला इथले एक काका बर्फातून गाडी चालवत आले होते. तुम्ही त्यांना पार्किंगमधूनच परत पाठवलंत. मी म्हटलं, "बाबा, तिला हवं होतं." तुम्ही म्हणालात, "औषधांच्या गुंगीत होती ती."

गुंगीत! आयुष्यात एकदाच तिने स्वतःच्या मनातलं सांगितलं, आणि तुम्ही ते औषधाच्या नावावर टाकलंत. त्यानंतर मी तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्ही नागपूरला परतलात आणि वर्षभरात गेलात. तुमच्या वेळी कुणी मंत्र म्हटले नाहीत. तुमच्या इच्छेचा मान सगळ्यांनी राखला.

आता इतक्या वर्षांनी एकच सांगायचं आहे, आणि तुम्ही ऐकणार नाही म्हणूनच सांगता येतंय. देव मीही मानत नाही. खूप प्रयत्न केला, जमलं नाही. पण कुणी विचारलं तर "हो, मानते" म्हणते. तुमची मुलगी म्हणून ओळखू येऊ नये, एवढ्याचसाठी.