वळणावरचा लाल दिवा

बुधवार, दिवेलागण

मुलगा गजानन कापसाची बैलगाडी घेऊन नांदुऱ्याला निघाला. गाडीमागे मी जोडलेला लुकलुकणारा दिवा आहे. आयुष्यात पहिल्यांदाच असलं काही केलं. फार भराभर लुकलुकत होता, म्हणून मोठा कंडेन्सर घातला. आता विझला की बराच वेळ अंधारच. आणि गाडीखालचा कंदील मीच काढून घरी ठेवला, त्याच्या उजेडात माझा दिवा फिका दिसे म्हणून.

बायको म्हणाली, "कंदील काऊन काढला? मिरवाले?"

वळणावर दिवा विझला, तो पुन्हा दिसलाच नाही. गाडी वळणाआड गेली असेल. की तार सुटली? मागून ट्रक येतात. फोन वाजतो, पोरगा उचलत नाही.

बायको कंदील पेटवून दारात उभी आहे. "चाला," म्हणते. लिहिणं पुरे.