अन्वीच्या डोक्याची डावी बाजू

हाउन्सलो, ३ मार्च

फणीचे तीन दात मोडले आणि पोरीचे केस त्याहून जास्त. अबेना जाऊन चार महिने झाले, तिच्या लेकीचे केस कसे विंचरायचे ते मला सांगायला तुला सवड नाही?

चि. परीक्षितला आशीर्वाद. फोनवर बोललं की अन्वी कान लावते, म्हणून लिहितेय. केस आईचेच, घानाचे. दिसायला डोकंभर, हातात घेतले तर कोळ्याचं जाळं. मी आपलं खोबरेल थापलं, कोरड्यावर मुळापासून फणी ओढली, घट्ट वेण्या घातल्या. आता कानापाशी टक्कल दिसतंय. शनिवारी कात्रीनं सगळे उतरवते.

लीलावती

ब्रिस्टल, ५ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

कापू नकोस ग. आईचं म्हणून तिच्या अंगावर तेवढंच राहिलंय. मला काही येत नाही. दोघी दार लावून तासभर खिदळत बसायच्या. एवढं माहीत आहे, की अबेना केस आधी ओले करायची आणि मानेवरची शेवटची वेणी खालून वर घालायची. पुढच्या आठवड्यात येतो. रागाव, पण लोभ असू दे.

तुझा परीक्षित

हाउन्सलो, ७ मार्च

चि. परीक्षित, आशीर्वाद. तुझं पत्र दुपारी आलं. सकाळीच मी कात्री घेतली होती. अन्वीला खिडकीपाशी बसवलं, टॉवेल आणायला आत गेले. आले तर केस ओले. उजवीकडे बारीक, सैल वेण्या, मानेवरची खालून वर. पोरीचे दोन्ही हात जॅमनं बरबटलेले. म्हणाली, डावी बाजू मम्मीनं तुझ्यासाठी ठेवलीय.

मी कात्री ठेवली. बोटं ओली करून टोकापासून गुंता सोडवत गेले. एकदा जरा ओढलं गेलं, तर मनगटावर चापट बसली. पोरीचे हात मांडीवर होते. जिवंतपणी सासूपुढे कधी आवाज चढवला नाही, आणि आता हे!

बसू दे चापट. पण टोकांना तेल लावायचं की नाही, आणि आठवड्यातून किती वेळा धुवायचे? तुला यातलं कळत नाही, तू लिहू नकोस. खुर्चीवर कागद-पेन ठेवलंय. इंग्रजीत असलं तरी चालेल, अन्वी वाचून दाखवील. उत्तर अबेनानंच द्यायचं.

लीलावती