भुऱ्यानं खाल्लेल्या शिव्या

१२ जानेवारी २००३, रविवार. अकोला.

आज जठारपेठेत माझ्या जुन्या मित्राच्या, रशीदच्या, सायकलच्या दुकानात बसलो होतो. लागोपाठ तीन वर्षं कपाशी हातची गेली, तेव्हा वावर विकून तो इकडे आला. थंडी कडक होती, म्हणून भुऱ्याची आठवण निघाली. भुऱ्या म्हणजे त्याचा सशांचा माग काढणारा कुत्रा.

वीस वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही दोघं दर रविवारी पहाटे बार्शीटाकळीच्या शिवारात जायचो. दहिवरानं पायजमे गुडघ्यापर्यंत ओले. उठवलेला ससा चक्कर मारून त्याच जागी परत येतो, म्हणून रशीद मला काठी देऊन तिथं उभा करायचा आणि स्वतः भुऱ्यामागं पळायचा. एकदा ससा खरंच आला. माझ्या पायाशी थांबला, कान थरथरत होते. माझा हात उठलाच नाही. रशीदला म्हणालो, आलाच नाही. शिव्या भुऱ्यानं खाल्ल्या. गावभर झालं, भुऱ्याला आता वास येत नाही.

आज सांगून टाकलं. रशीद पंक्चर काढत होता, मानही वर केली नाही.

"मले माईत हाये. म्या तुरीतून पाह्यलं होतं."

"मंग पुढच्या रविवारी मले तिथंच काहून उभं केलं?"

"ससे मारणारे लय होते, यार. पहाटी संग यायले तू एकटाच होता."

घरी आल्यापासून भुऱ्याच डोळ्यांपुढं आहे. खरं आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि शिव्या तो खात राहिला. तरी पुढच्या रविवारी शेपूट हलवत सगळ्यांत पुढं तोच.